अकराव्या कड्यावरचं बोट

कनेरगाव नाक्यावरच्या ढाब्यात मला अजून ‘हवा काढणारा’ म्हणतात. त्यात चुकीचं काही नाही. मी आयुष्यभर पंपच चालवले, पण विहिरीवरचे नव्हेत. पोलादी नळीतली हवा उपसून तिथं जवळजवळ काहीच उरू द्यायचं नाही, एवढंच माझं काम. त्या काहीच-नसलेल्या जागेत आमची मंडळी पॉझिट्रॉन धरून ठेवायची. नोकरी हैदराबादकडच्या एका प्रयोगशाळेत होती. तिचं नाव इथं लिहीत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे ते माझं आहे, तिचं नाही.

ढाब्याचे मालक किसनराव माझ्याच गावचे. सुटीत आलो की चहा पुढं करून ते तपासणी घ्यायचे.

“म्हंजे नेमकं काय पकडून राहिले तुमी तिथं?”

“पॉझिट्रॉन.”

“किती किलो झालं मग?”

“किलोत नाही होत, किसनराव. आजवर धरलेलं सगळं एका जागी केलं तरी डोळ्याला दिसणार नाही.”

“मंग ठेवलं कुठं?”

“ठेवलं नाही. मोजलं आणि सोडून दिलं.”

“सोडायचंच व्हतं तर पकडलं काहून?”

हाच प्रश्न मी पुढं दिल्लीहून आलेल्या मोठमोठ्या पाहुण्यांच्या तोंडून ऐकला, पण इतक्या थोडक्यात कुणी विचारला नाही. त्यांतल्या एका पाहुण्यांनी तर आमच्या नळीला हात लावून पाहिला आणि “गरम नाही लागत” म्हणून नाराज होऊन गेले. त्यांना बहुतेक काहीतरी चमकताना, धगधगताना पाहायचं होतं. आमचं यंत्र बाहेरून पाहिलं तर साखर कारखान्यातल्या एखाद्या जुन्या पाइपासारखं दिसायचं.

तरी समजावून सांगतो. इलेक्ट्रॉन सगळ्यांना ऐकून माहीत आहे. तारेतून वीज वाहते ती त्याच्यामुळं. पॉझिट्रॉन हा त्याचा जुळा भाऊ. वजन तेवढंच, फक्त विजेचा भार उलटा. अडचण एवढीच, की या दोघा भावांची भेट झाली की दोघंही संपतात. मागं उरतात ते गॅमा किरणांचे दोन झोत, एक इकडं गेला तर दुसरा बरोबर उलट दिशेला. आणि इलेक्ट्रॉन तर सगळीकडंच आहे: लोखंडात, काचेत, हवेत, माझ्या तुमच्या अंगात. म्हणजे पॉझिट्रॉन ठेवायला भांडं म्हणून मिळणार नाही. ज्या भांड्यात ठेवाल त्या भांड्याला लागून तो जाईल.

मग भिंत नसलेला कोंडवाडा करावा लागतो. आमच्याकडं तो तांब्याच्या कड्यांचा होता. हातातल्या कड्यासारखी, पण ताटाएवढी आणि जाड अशी कडी एकापुढं एक मांडायची, मध्ये चिनीमातीचे तुकडे घालायचे, आणि प्रत्येक कड्याला वेगळा विजेचा दाब द्यायचा. दाबाच्या फरकानं मधल्या पोकळीत न दिसणारा खड्डा तयार होतो. पॉझिट्रॉन त्या खड्ड्यात पडला की पुढं जात नाही आणि मागंही येत नाही. बाजूला सरकून कड्याला लागू नये म्हणून सगळ्या नळीभोवती चुंबकाचं वेटोळं. ते त्याला मधोमध धरून ठेवतं.

पॉझिट्रॉन यायचे कुठून? शिशाच्या जाड विटांमागं एका जातीचं सोडियम ठेवलेलं असायचं, कणभर. त्यातून ते आपोआप बाहेर पडतात, पण इतक्या वेगात की खड्डा त्यांना खड्डा वाटतच नाही. म्हणून समोर नियॉन वायू गोठवून सायीसारखा थर धरायचा. त्या थरातून जाताना हजारातले पाच-सात तेवढे दमून हळू होतात. तेवढेच आमचे. आणि ते खड्ड्यात पडावेत म्हणून नळीत मुद्दाम थोडा नायट्रोजन सोडायचा. त्याला धडकून पॉझिट्रॉनचा उरलेला जोर जातो. म्हणजे मी आधी जिवाचा आटापिटा करून नळीतली हवा काढायची आणि मग सर म्हणणार, “दत्तराव, थोडी सोडा.” पहिल्या टप्प्यात थोडी, दुसऱ्यात त्याहून कमी, तिसऱ्यात जवळजवळ नाहीच. माझं कसब कशात होतं असं कुणी विचारलं तर त्या ‘जवळजवळ’ शब्दात होतं.

नायट्रोजनचा रेणू लहान, सरळ. पॉझिट्रॉन त्याला धडकतो आणि बहुतेक वेळा सुटतो. तेलाचा रेणू मात्र मोठा असतो. त्याला पॉझिट्रॉन चिकटून बसतो आणि तिथंच संपतो. नळीत तेलाची नुसती वाफ असली, तीही मोजायला कठीण इतकी कमी, तरी साठवलेला सगळा ढग बघता बघता जातो. माझ्या गोष्टीत एवढंच एक शास्त्र लक्षात ठेवायचं आहे.

सर म्हणजे डॉ. बोधनकर. मूळ नागपूरकडचे, बोलणं कमी, आणि जे बोलायचे ते आवाज न चढवता. त्यांच्या हाताखाली डॉक्टरेटचं काम करणारी जयश्री. आईवडील सोलापूरला, वडील शिक्षक. पोरगी कामाला वाघ होती. नळीची खोली झाडायलासुद्धा ती दुसऱ्याला सांगायची नाही. मला दत्ताभाऊ म्हणायची. साठवलेला ढग किती वेळ टिकतो हे मोजणं, तो वाढवणं आणि जास्तीत जास्त पॉझिट्रॉन एका ठिकाणी गोळा करून दाखवणं हा तिचा विषय. परदेशात त्या वेळी काही मंडळी असे पॉझिट्रॉन वापरून प्रतिपदार्थाचा अख्खा अणू बनवायच्या खटपटीत होती. त्यांतल्या एका गटानं जयश्रीला कळवलं होतं, की ढगाचे चांगले आकडे उन्हाळ्याआधी पाठवलेस तर तुला इथं जागा आहे. तिनं ते पत्र वहीच्या पहिल्या पानाला चिकटवून ठेवलं होतं. आमचं सोडियम मात्र दोन वर्षं सात महिन्यांत निम्मं होणारं. ते आणून आधीच दोन वर्षं होत आली होती. नवीन मागवायचं म्हणजे परवानग्यांचा फेरा. रोज सकाळी थोडे कमी पॉझिट्रॉन बाहेर पडत होते, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

अशात शेवटच्या टप्प्याची कडी बदलायची ठरली. जुनी लहान पडत होती. आमच्या वर्कशॉपचं लेथ मोडून पडलेलं, बाहेर काम दिलं तर कोण जाणे किती महिने. मी छाती पुढं काढून म्हणालो, “सर, वसमतला माझे मामा आहेत.”

विश्वंभरमामांचं वसमतला लेथचं दुकान. हळद पॉलिश करायचे ढोल, कारखान्याचे शाफ्ट, मोटारींचे बुश, असलं काम. पोरवयात मी सुट्या त्याच दुकानात काढलेल्या. मामा चौथी शिकलेले, पण मायक्रोमीटर त्यांच्या हातात गेला की कंपनीतला इंजिनियर गप्प बसायचा. इंचाचा हजारावा भाग म्हणजे त्यांच्या भाषेत एक थाऊ. मी नकाशा पुढं ठेवला आणि म्हणालो, एका थाऊच्या वर फरक चालणार नाही. मामांनी नकाशा उलटा-सुलटा करून पाहिला.

“हे कशाला लागून राहिलं?”

“प्रयोगाला, मामा.”

“गाडीत बसून राहिलं का कुठं फिरून राहिलं?”

“एका जागी. आतून नुसती वीज.”

“मंग एक थाऊ कशाला? मी त्याच्या निम्म्यात देतो.”

आणि दिलं. तांबं चिकट असतं, टूलला चिकटून फाटतं. त्याला मामांची जुनी युक्ती म्हणजे दूध. लोखंडाला तेल आणि तांब्याला दूध. अकरा कडी होईस्तोवर मामीनं तीन तांबे दूध लेथवर आणून ओतलं आणि तिन्ही वेळा नाक मुरडलं. मी सरांना हे सांगितलं नाही. धुतलं की झालं, असा माझा हिशेब होता आणि तो हिशेब बरोबरही होता.

आठव्या दिवशी अकरावं कडं लेथच्या पकडीतून, म्हणजे चकातून, उतरलं. मामांनी ते पटक्याच्या सोग्यानं पुसलं, उन्हात धरलं आणि मामीला हाक मारली. मामी वाटीत तेलात कालवलेली हळद घेऊन आली. मला कळलं काय होणार ते. मामांच्या दुकानाची ती पद्धतच होती. ढोल असो की बुश, कामातल्या शेवटच्या नगाला तेल-हळदीचं बोट लागल्याशिवाय माल उंबऱ्याबाहेर जायचा नाही. गिऱ्हाइकं ते बोट पाहूनच माल उचलायची.

“मामा, याला नको. हे साफ लागतं.”

“हळद घान असती व्हय?”

“तसं नाही.”

“आत न्हाई लावत. भाईरून लावतो. तुमच्या विजेला दिसनार बी न्हाई.” त्यांनी कड्याच्या बाहेरच्या अंगाला, कोपऱ्यात, उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट हळदीत बुडवून टेकवलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “पुसू नको, लेकरा. एवढं बारीक काम ह्या हातानं पुन्यांदा व्हईल का न्हाई, ठाव न्हाई.”

मामांचे हात तेव्हा थोडे थरथरायला लागले होते. कडी करताना थरथरले नाहीत, बोट लावताना थरथरले. मी मान डोलावली.

प्रयोगशाळेत आल्यावर दहा कडी नेमानं धुतली. साबणपाणी, मग ॲसिटोन, मग अल्कोहोल, मग हातमोजे घालून चंदेरी फॉइलमध्ये गुंडाळणं. अकराव्याचं आतलं अंग तसंच धुतलं, कडा धुतल्या, बाहेरचं अंग धुतलं आणि त्या एका बोटाभोवती कापड फिरवून घेतलं. पॉझिट्रॉन आत राहतात, बोट बाहेर आहे, मध्ये अर्धा इंच तांबं आहे, असा विचार केला. आमच्याकडं धुण्याची एक वही होती. नग, धुणाऱ्याची सही. मी लिहिलं, ‘कडी अकरा, पूर्ण धुतली’, आणि सही केली.

कडी जयश्रीनं बसवली. तांब्याच्या रंगात ते बोट तिच्या नजरेला आलं नाही. नळी बंद झाली, पंप चालू झाले. जुन्या कड्यांत ढग पन्नास सेकंदांच्या पुढं टिकायचा. नव्यांत तो दुपटीनं टिकावा असं गणित होतं. टिकला आठ सेकंद.

पुढचे नऊ आठवडे आम्ही गळती शोधली. हेलियम वायूची नळी घेऊन एकेका सांध्यावर फुंकर मारायची आणि आत हेलियम दिसतो का बघायचं, हे काम मी स्वतः केलं, तीनदा केलं. एक सांधा सोडला नाही. गळती नव्हती. मग रेणू मोजायचं यंत्र जोडलं. आकड्यांच्या शेवटाला, जड रेणूंच्या जागी, जिथं काहीच नसायला हवं, तिथं बारीक बारीक खुंट्या उभ्या होत्या. सरांनी कागद हातात घेऊन पाहिला.

“तेल आहे कुठलं तरी,” ते म्हणाले. “शेवटचं कुणी उघडलं होतं?”

“मी, सर,” जयश्री म्हणाली.

“केसांना काय लावता?”

तिची वेणी कमरेच्या खाली होती. ती खोबरेल लावायची, पण कामाला येताना टोपीत बांधून यायची. सरांनी कागद तिच्या हातात दिला. तिनं तेल बंद केलं. डबल टोपी घालायला लागली. नळी पुन्हा उघडून तिला दिसतील तेवढे सगळे आतले भाग तिनं पुसून काढले. ढग नऊ सेकंद टिकला. त्यानंतरच्या सोमवारी ती आली ती केस कानाखाली कापून. मी चहा घेऊन उभा होतो. ती नुसती म्हणाली, “आता बघू.” सोलापूरला तिच्या आईनं म्हणे तीन दिवस बोलणं टाकलं होतं.

त्या नऊ आठवड्यांत मला त्या अकराव्या कड्याची आठवण एकदाही आली नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. आली. दोनदा-तीनदा आली. प्रत्येक वेळी मी स्वतःशी म्हणालो, ते बाहेरच्या अंगाला आहे. आणि ती आठवण आली की मी पाना उचलून आणखी एका सांध्याकडं जायचो. माझ्याइतकी कसून गळती कुणी शोधली नसेल.

माघ सरत आला होता. सरांनी सांगितलं, पुढच्या महिन्यापासून नळीचं काम दुसऱ्या विद्यार्थ्याकडं, जयश्रीनं कागदावरच्या गणिताचा विषय घ्यावा. तिनं “बरं, सर” म्हटलं आणि वहीच्या पहिल्या पानावरचं पत्र सोलून काढलं. डिंकाचा पिवळट चौकोन तेवढा राहिला. मी त्याच आठवड्यात चार दिवसांची रजा काढून वसमतला गेलो. हळद शिजवायचे दिवस, मामांच्या थोरल्या पोराचं लग्न जमवायचं होतं, माझं तिथं काम होतं. पण खरं सांगायचं तर मला ती खोली नको झाली होती.

वसमतच्या स्टँडवर उतरलो तर पाट्या बदललेल्या. गेल्या वेळी कडी न्यायला आलो तेव्हा त्यांच्यावर अजून जुना जिल्हा परभणीच होता, आता हिंगोली. कढईंच्या धुराचा आणि शिजल्या हळदीचा वास स्टँडपर्यंत येत होता.

मामांनी पाण्याचा तांब्या हातात द्यायच्या आधी विचारलं, “आमचं बोट हाय का न्हाई?”

“आहे, मामा.”

“मशीन चालून राहिली का बराबर?”

“चालते की.”

परत निघायच्या सकाळी मामी माझी बॅग भरत होती. हळदीची पुडी तिनं दोन पिशव्यांत बांधली, वरून फडकं गुंडाळलं आणि कपड्यांवर ठेवायला लागली. मी म्हणालो, “मामी, बाहेरच्या खिशात ठेव. मागच्या बारीला सगळ्या सदऱ्यांना वास लागला होता.”

“मागल्या बारीला बी भाईरच ठिवली व्हती,” मामी म्हणाली. “वासाला आतभाईर कळतंय व्हय? बंद पेटीत एक कोपरा हळदीचा असला की सारी पेटी हळदीची.”

मी ओसरीवर बसलो. मामीला वाटलं मला चक्कर आली, तिनं गूळपाणी आणलं. ते मी प्यालो. आमची नळी म्हणजे एक बंद पेटीच होती. तिच्यात बाहेरचं अंग नावाची जागाच नव्हती. कड्याचं बाहेरचं अंगही नळीच्या आतच होतं. पंधरा वर्षं पोकळीचं काम केलेल्या माणसाला हे एका बाईनं बॅग भरता भरता सांगावं लागलं. आणि त्याहून वाईट म्हणजे मला ते नवीन नव्हतं. माहीत असलेलं मी मामांच्या त्या एका वाक्यासाठी बाजूला ठेवलं होतं, आणि मग सहीची लाज वाटली म्हणून तसंच बाजूला राहू दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सर आणि जयश्री दोघंही खोलीत असताना सांगितलं. बसलो नाही. बोट, हळद, तेल, वहीतली सही, सगळं. सर खिडकीकडं तोंड करून ऐकत होते.

“नऊ आठवडे,” ते म्हणाले.

“हो, सर.”

“सोडियमला सांगायला हवं होतं, जरा थांब म्हणून.”

जयश्रीचा हात मानेमागं गेला, जिथं वेणी असायची तिथं, आणि रिकामाच खाली आला. मला पुढं कितीतरी वर्षं बाकीचं सगळं विसरता आलं, तो हात विसरता आला नाही.

नळी उघडली. बोटाच्या जागी तांब्यावर तपकिरी चंद्रकोर उमटलेली होती, बोटाच्या रेषांसकट. मी कापड घेऊन पुढं झालो तर जयश्रीनं कडं स्वतःकडं ओढलं. तिनं ते चार वेळा धुतलं. नंतर नळीला गरम पट्ट्या गुंडाळून आम्ही तिला दहा दिवस भाजली, आतलं उरलंसुरलं पंपानं ओढून घेतलं. मग ढग धरला. अठ्ठ्याण्णव सेकंद. खोलीत तिघंच होतो, कुणी टाळी वाजवली नाही. सरांनी नळीचं काम तिच्याकडंच ठेवलं. धुण्याच्या वहीत मात्र त्यांनी पट्टीनं आणखी एक रकाना आखला: ‘तपासलं’. त्या दिवसापासून मी धुतलेली प्रत्येक वस्तू जयश्री उजेडात धरून पाहायची आणि सही करायची. ती गेल्यावर दुसरं कुणी करायचं. नोकरी संपेपर्यंत माझी एकट्याची सही त्या वहीत पुन्हा कधी पुरली नाही. सरांनी मला दुसरी शिक्षा केली नाही, आणि मला दुसरी लागलीही नसती.

जयश्रीचे आकडे आले, चांगले आले, पण आले ते पावसाळ्यात. सोडियम आणखी उतरल्यामुळं एकेका मोजणीला जास्त दिवस लागले होते. परदेशातली जागा उन्हाळ्यातच भरली. त्यांनी सौजन्यानं कळवलं. तिला डॉक्टरेट मिळाली, सोलापूरकडच्या एका कॉलेजात शिकवायला लागली. पुढं दोन-तीन वर्षांनी बातमी आली, की तिकडं खरंच प्रतिपदार्थाचे अणू बनले. पॉझिट्रॉन आमच्यासारख्याच कड्यांत गोळा करून. वर्तमानपत्र सरांच्या टेबलावर होतं. मी ते वाचून घडी घालून परत ठेवलं. अभिमानही वाटला, खोटं कशाला सांगू. ती कडी कशी असतात हे जगात ज्या थोड्या माणसांना हातानं माहीत होतं, त्यांत एक वसमतचा माणूस होता. पण तिथं उभी असायला हवी होती ती पोरगी तेव्हा सोलापुरात बारावीच्या पोरांना घर्षण शिकवत होती, आणि तिला त्या वर्गात नेऊन ठेवण्यात माझा हात होता.

प्रकल्प संपला तेव्हा नळी मीच सोडली. तांबं भंगारात जाणार होतं. सरांना विचारून, कागदावर सही करून अकरावं कडं मागून घेतलं. ते घेऊन वसमतला गेलो. मामांचं दुकान आता पोरगा बघत होता. मामा दारात बाजेवर बसलेले, हात चांगलेच थरथरायचे. मी कडं त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते लगेच ओळखलं. आतल्या अंगावरून अंगठा फिरवला, मग बाहेरच्या. कोपरा शोधला. पुन्हा शोधला.

“बोट कुठं गेलं?”

आत्तापर्यंत प्रत्येक सुटीत मी ‘आहे’ म्हणत आलो होतो. आता नाही म्हणालो. मग सगळं सांगितलं, ढाब्यावर सांगावं तसं सोपं करून: त्या पेटीत तेलाचा थेंबही चालत नाही, बोट राहिलं म्हणून काम बिघडलं, आळ एका पोरीवर आला, तिनं केस कापले, तिची परदेशातली जागा गेली. मला वाटलं होतं, मामा हळदीवर अडतील. रागावतील, की एवढ्याशा हळदीनं कुठं मशीन बिघडती काय.

“त्या पोरीचं काय झालं मंग?” मामांनी विचारलं.

“कॉलेजात शिकवते.”

“तिला ठाव हाय का, बोट माझं व्हतं?”

“मी सांगितलं होतं.”

“तू सांगितलं. मी न्हाई सांगितलं.” त्यांनी कडं मांडीवर उलटं केलं. मग म्हणाले, “मी अडानी मानूस, दत्ता. मला वाटलं ते केलं. तू शिकेल व्हतास. ‘पुसतो’ म्हनला असतास तर मी काय मारनार व्हतो तुला?”



मामांनी पोराला रॉकेल आणायला सांगितलं. स्वतः बसून कडं आधी रॉकेलनं आणि मग साबणानं तीनदा धुतलं. मी हात पुढं केला तर ढकलून दिला. मामी सवयीनं हळदीची वाटी घेऊन दारात आली होती. तिच्याकडं बघून ते म्हणाले, “न्हे ती आत.” कोऱ्या फडक्यात कडं गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिलं. “तिला पाठव. म्हनावं, वसमतच्या मामानं धुऊन दिलं.”

पार्सल केलं. आत चिठ्ठी घातली, मामा म्हणाले तेवढंच लिहिलं. तीन आठवड्यांनी पोस्टकार्ड आलं. त्यावर जयश्रीनं पट्टीनं रकाने आखले होते, आमच्या वहीतल्यासारखे. खाली तिच्या बारीक अक्षरात एकच ओळ होती:

‘कडं अकरा. धुतलं: विश्वंभरमामा. तपासलं: जयश्री.’

ते मी मामांना वाचून दाखवलं. त्यांनी कार्ड हातात घेतलं, अक्षरावरून अंगठा फिरवला आणि मामीला देवळीत ठेवायला दिलं. त्या कार्डावर माझं नाव कुठंच नव्हतं. ते बराबरच होतं.